लिंबूटिंबू

वाचनालयातल्या काकूंनी धाकट्याच्या पुढ्यात कागदांचा गठ्ठा ठेवला, हातात तारखेचा शिक्का दिला आणि म्हणाल्या, "एवढ्यांवर शिक्के मारून दे हं मला. फार मोठं काम आहे." धाकटा तेव्हा नुकता चार वर्षांचा झाला होता. तो खुर्चीवर गुडघे टेकून बसला, जिभेचं टोक ओठाबाहेर काढलं आणि कामाला लागला. आधी पॅडवर ठक्, मग कागदावर ठक्. तारीख उलटी उमटली की मान वाकडी करून बघायचा, जरा विचार करायचा आणि पुढचा कागद ओढायचा. असा पाऊण तास. घरी हा मुलगा चपला घालेपर्यंतसुद्धा एका जागी टिकत नाही.

मी आणि थोरली (ती सात वर्षांची) पलीकडच्या टेबलावर पुस्तकांची सुटलेली पानं चिकटवत होतो. अधूनमधून त्याच्याकडे नजर टाकायची, काकूंकडे बघून कौतुकाने हसायचं, असं माझं चाललं होतं. निघताना पाण्याची बाटली आत राहिली म्हणून तो पळत गेला आणि बाटली न घेताच परत आला.

"आई, माझे कागद केराच्या टोपलीत आहेत."

"चुकून पडले असतील."

"सगळे?"

मी काहीतरी सारवासारव केली. काकूंना सांगू, उद्या विचारू, असंच काहीसं. तो वाटेत बोलला नाही. जिन्यात, तिसऱ्या की चौथ्या पायरीवर थांबून त्याने विचारलं, "मग मी काय केलं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी ऑफिसात हिशेब तपासते. वर्षाचे निदान दोन महिने तरी जे अहवाल करते ते कुणी उघडून बघत असेल असं मला वाटत नाही. पण मला पगार मिळतो. त्याचं काय?

लपंडावात, पकडापकडीत एखादं लहान भावंड "मलाही घ्या" म्हणून मागे लागलं की आपण त्याला लिंबूटिंबू करतो. तो धावतो, लपतो, ओरडतो, पण पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळात ते ठीक आहे. तेवढ्याने रडारड टळते आणि वर्षभरात पोर आपोआप खऱ्या खेळात येतं. गडबड अशी होते की, मुलांना घेऊन समाजकार्याला जायचं म्हटलं की आपण मोठी माणसं तिथंही हाच खेळ मांडतो. मुलगा आलाय, त्याला काहीतरी द्या. काहीतरी म्हणजे जे झालं काय, नाही झालं काय, सारखंच. या पोस्टमध्ये मला एवढंच सांगायचं आहे की, ते त्यांना कळतं. चौथ्या वर्षी तर नक्कीच कळतं.

---

मुलांवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून मी हे सुरू केलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की रविवारी सकाळी त्यांना ठेवायला कुणी नव्हतं. लग्नाआधीपासून मी ओढ्याकाठच्या सफाईला जायचे. थोरली झाल्यावर ते सुटलं, धाकटा झाल्यावर तर त्याची आठवणही येईनाशी झाली. मग एके दिवशी जुन्या गटातल्या एकीचा फोन आला, माणसं कमी पडताहेत म्हणाली. मी म्हटलं, येते, पण दोन लेंढारं बरोबर असतील. ती म्हणाली, आण की.

पहिला रविवार अगदी वाया गेला. मोठ्यांचे हातमोजे धाकट्याच्या कोपरापर्यंत आले आणि बोटांच्या जागी रिकामी टोकं लोंबत राहिली; त्याने एक कागद उचलायचा प्रयत्न केला आणि कागदाऐवजी मोजाच खाली राहिला. कचऱ्याची पिशवी उघडी धरायला दोन हात लागतात, तिच्यात टाकायला तिसरा. तिसरा हात नसल्यामुळे थोरली दर वेळी पिशवी जमिनीवर ठेवायची, वारा ती मिटवायचा, ती परत उघडायची. वीस मिनिटांनी दोघांनाही तहान, मग शू, मग पाय दुखणं. माझी हिशेबी नजर कुठं जाते थोडीच! एकटी असते तर त्या वेळात मी दोन पोती भरली असती. त्या दिवशी तिघांनी मिळून अर्धं भरलं, त्यातही बरीचशी वाळकी पानं होती.

दुसऱ्या रविवारी पिशवीऐवजी छोट्या बादल्या नेल्या. कडीची बादली एका हातात राहते, खाली ठेवली तरी तोंड उघडं राहतं. हातमोजे मुलांच्या मापाचे, बागकामाला मिळतात तसले. लांब दांड्याचा चिमटा थोरलीला दिला. तो दाबायला धाकट्याला दोन्ही हात लागतात, म्हणून त्याला नाही. शू आधी. आणि चाळीस मिनिटं झाली की, काम कितीही रंगात आलेलं असो, बंद. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं.

नियम एकच ठेवला, कारण दोन सांगितले तर दोन्ही विसरतात: काच, सुई, सेल किंवा काय आहे ते कळत नाही अशी कुठलीही वस्तू दिसली की हात मागे घ्यायचे आणि मला हाक मारायची. बटणासारख्या गोल सेलबद्दल तर मी फारच कडक आहे. चकचकीत असतो, खिशात घालावासा वाटतो, आणि लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. ओढ्याकाठी मिळालेली कोणतीही चमचमती वस्तू घरी आणायची नाही यावर आमच्यात पुष्कळ भांडणं झाली आहेत. अजून होतात.

मग एक गोष्ट लक्षात आली जी माझ्या एकटीच्या कधीच लक्षात आली नसती. धाकट्याचे डोळे माझ्या कमरेच्या उंचीवर आहेत. बाकाच्या खालच्या बाजूला चिकटवलेलं, झुडपाच्या बुंध्याशी अडकलेलं, जाळीच्या खालच्या भोकात कोंबलेलं असं सगळं त्याला उभ्या-उभ्या दिसतं. मला त्यासाठी वाकावं लागतं, आणि माझी कंबर वाकायचं की नाही ते आधी ठरवते. गटातले काका आता स्वतःहून विचारतात, "आपले खालचे इन्स्पेक्टर आले का?" तो लगेच बाकाखाली सरपटतो. त्याच्याशिवाय तो कचरा तिथंच राहिला असता. याला मी खरं काम म्हणते.

थोरलीचं खरं काम निघालं ते मोजण्याचं. टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ साली जी सफाई झाली, तिथं स्वयंसेवकांनी कचरा नुसता उचलला नाही, प्रकार पाडून मोजला आणि लिहून ठेवला. त्यातूनच पुढे 'इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप' उभं राहिलं आणि आता शंभराहून अधिक देशांत लोक तशाच याद्या भरतात. कित्येक वर्षं त्या याद्यांत सिगरेटच्या थोटकांचा पहिला नंबर होता. थोटकाचा तो कापसासारखा भाग कापूस नसतो, सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लॅस्टिक असतं, हे मला स्वतःला तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मुलीला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मग ते कापसासारखं का करतात? फसवायला?" आता काय सांगणार.

तर तिने वहीत रकाने आखले. झाकणं, थोटकं, पुड्या, बाटल्या, 'इतर विचित्र'. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, हे शाळेत शिकवलं तेव्हा तिला कंटाळा आला होता, इथं मात्र धाकटा ओरडणार "झाकण!" आणि ती रेघ मारणार, एखाद्या सामन्याचे गुण लिहावेत तशी. तीन रविवारांच्या रेघा मोजल्यावर तिनेच दाखवलं की, झाकणं जवळजवळ सगळी एकाच बाकाभोवती सापडतात. आम्ही त्या बाकापासून कचराकुंडीपर्यंत चालून बघितलं. माझी ४० पावलं झाली, तिची ६३. तिचं म्हणणं, पाणी पिऊन झाल्यावर ६३ पावलं कोण जाणार?

तिने पत्र लिहिलं. अक्षर तिचं, शुद्धलेखन माझं, आकडे दोघींचे. सहा आठवड्यांनी कुंडी हलली. हलवणाऱ्यांनी ती दुसऱ्याच बाकाजवळ नेऊन ठेवली ते सोडा. दुसरं पत्र लिहून झालंय, या वेळी तिने नकाशा काढून बाकावर बाण दाखवला आहे.

---

मुलांमध्ये मदतीची वृत्ती रुजवायची असते, असं आपण सर्रास बोलतो, जणू ती बी-बियाणाच्या पाकिटातून आणावी लागते. यावर मला आवडलेला प्रयोग फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या दोघांचा, २००६ साली 'सायन्स'मध्ये आलेला. दीड वर्षाची २४ मुलं. त्यांच्यासमोर एक अनोळखी मोठा माणूस दोरीवर कपडे टांगताना चिमटा खाली पाडतो आणि हात पुरत नसल्यासारखं करतो. किंवा दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा घेऊन बंद कपाटावर धडकतो. कुणी मुलांना 'मदत कर' म्हणत नाही, शाबासकी देत नाही. २४ पैकी २२ मुलांनी एकदा तरी उठून मदत केली. तोच चिमटा माणसाने मुद्दाम फेकला असेल तर मात्र ती सहसा जागची हलत नव्हती. म्हणजे पडणं आणि फेकणं यातला फरक दीड वर्षाच्या पोराला कळतो. खऱ्या आणि खोट्या कागदांतला चार वर्षांच्या पोराला का कळू नये?

याच दोघांनी २००८ मध्ये आणखी एक प्रयोग केला. वीस महिन्यांची मुलं मदत करायची, काहींना बदल्यात खेळणं मिळायचं, काहींना नुसती शाबासकी आणि काहींना काहीच नाही. पुढच्या फेरीत बक्षिसाची सवय लागलेल्यांची मदत घटली. हे वाचायच्या आधी मी घरात चांदण्यांचा तक्ता लावला होता, प्रत्येक रविवारी एक चांदणी. थोरलीने चौथ्या आठवड्यात विचारलं की न जाता चांदणी मिळेल का, आणि नसेल तर दोन चांदण्यांचं काय मिळतं. पोरगी माझ्यावर गेली आहे. तक्ता काढला, त्याची भिंतीवरची चिकटपट्टी अजून निघत नाही.

आपल्या भाषेत लहान मुलाच्या मदतीसाठी एक नेमका शब्द आहे, लुडबुड. "लुडबुड करू नको." दिवसातून किती वेळा म्हणत असेन मी हे! कणभरही दुष्टावा नसतो त्यात, घाई असते. दोन वर्षांचा असताना धाकटा ओला फडका घेऊन माझ्या मागे फिरायचा आणि मी तो काढून घ्यायचे, कारण तो पुसायचा कमी, भिजवायचा जास्त. बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वाटेमालातल्या सॅन पेद्रो गावातल्या माया कुटुंबांमध्ये बरीच वर्षं निरीक्षणं केली आहेत. तिथं मूल मोठ्यांच्या कामांच्या आसपासच वाढतं, बघतं, हात घालतं आणि मोठी माणसं जागा करून देतात. मुलांसाठी वेगळं, गोड, रंगीत काम काढण्याची पद्धतच नाही. ते वाचून मला फडका आठवला. लुडबुडीला तीन वर्षं हाकलायचं आणि मग सातव्या वर्षी 'ही काही करतच नाही' म्हणून कुरकुरायचं, हा आमच्या घरचा इतिहास.

एक शब्दांची गंमतही आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना 'मदत करा' म्हणण्याऐवजी 'मदतनीस व्हा' असं म्हटलं तर ती जास्त मदत करतात, असं २०१४ मध्ये ख्रिस्तोफर ब्रायन आणि सहकाऱ्यांना आढळलं. मी लगेच घरात मदतनीस नेमले. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या हातून खेळण्यांचं खोकं उपडं झालं, तर तो कोपऱ्यात जाऊन बसला. "मी मदतनीस नाहीये आता." पुढे दुसऱ्या संशोधकांनाही हेच दिसलं म्हणे, की काम फसलं तर 'मदतनीस' म्हटलेलं मूल जास्त लवकर हात टेकतं. पदवी दिली की ती जाण्याची भीती आलीच. आता मी 'हे धर' म्हणते. तेवढं पुरतं.

---

वृद्धाश्रमाबद्दल लिहू की नको असं झालं होतं, कारण तिथं आधी मीच चुकले.

सुरुवातीला आम्ही एका ठिकाणी गेलो. तिथं मुलांनी ओळीत उभं राहून गाणं म्हटलं, आजी-आजोबांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मोबाइल धरून "सगळे इकडे बघा" म्हणालं. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर. कुणाला काही मिळालं नाही. फोटो मात्र चांगला आला असावा. याच ठिकाणी आधी मला फोनवर सांगितलं होतं की मुलं शक्यतो नकोत. नंतर पुन्हा फोन आला, मुलं आणाच, छान वाटतं. छान कुणाला वाटतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तेव्हापासून फोटो नाही हे मी आधीच सांगते, माझ्या मुलांचाही नाही आणि तिथल्या माणसांचाही नाही. आपल्या खोलीत आपण विसकटलेल्या केसांनी बसलेलो असताना कुणाची तरी पोरं येऊन आपल्यासोबत फोटो काढून गेली, तर मला चालेल का? मला तर घरच्यांनी काढलेला चालत नाही.

दुसरा आश्रम लहान होता. तिथल्या ताईंना मी सरळ विचारलं, "इथं असं काय काम आहे जे राहून जातं?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "सुया."

तिथं पाच-सहा आजी जुन्या कापडांची पांघरुणं शिवतात. हात चांगले चालतात, टाके माझ्यापेक्षा सरळ, पण सुईत दोरा ओवता येत नाही. दर वेळी ताईंना हाक, ताई स्वयंपाकघरात, मग शिवण मांडीवर तशीच. दहा वर्षांच्या मुलाला डोळ्यांपासून साधारण सात सेंटीमीटरवरचंही स्पष्ट दिसतं. साठीला तेच अंतर मीटरभर होतं, कारण डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. मीटरभर लांबच्या सुईचं नेढं कुणाला दिसणार?

थोरलीने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, सुई नाकाशी आणली आणि एका दमात ओवली. खोलीत एकदम शांतता. मग एक आजी म्हणाल्या, "अगं बाई! परत कर बघू." तिने वीस सुया ओवल्या. प्रत्येकीला हातभर दोरा, गाठ, आणि मग फोमच्या तुकड्यावर ओळीने टोचून ठेवल्या, रंगाप्रमाणे. आठवडाभराचा साठा. पुढच्या खेपेला दारातच आवाज आला, "आली का? गुरुवारीच संपल्या सुया!" तिच्या चेहऱ्यावरचा भाव मी ओळखते. माझ्यावाचून अडलं, हा तो भाव. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा असला नव्हता.

धाकट्याचं तिथलं काम म्हणजे जमिनीवर पडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करणं. मला वाटलं होतं हे थोडं खोटंच काम आहे, पण ताई म्हणाल्या, अनवाणी पायात टाचणी गेली आणि मधुमेह असेल तर जखम भरायला महिने लागतात. तो चुंबक दोरीला बांधून खोलीभर फिरवतो, मासे पकडल्यासारखा.

तिथल्या एका आजोबांचा हात सतत थरथरतो. पहिल्याच दिवशी धाकटा समोर उभा राहून बघत राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "आजोबा, तुमचा हात का हलतो?" मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी त्याला मागे ओढायला गेले तर आजोबा म्हणाले, "तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकतं का कुणी?" धाकट्याने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही." "मग बस इथं." दोघं शेजारी बसले. हात हलत राहिला.

जाताना काय सांभाळायचं, तर मुलाला साधं सर्दी-पडसं असलं तरी त्या आठवड्यात जायचं नाही. आपल्याला जे दोन दिवसांत जातं ते तिथल्या एखाद्याला दवाखान्यात नेऊ शकतं. आत गेल्यावर आधी साबणाने हात, वीस आकडे मोजून. आणि ज्याबद्दल बोलायला सगळे संकोचतात ते: मुलाला कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर एकटं सोडायचं नाही. स्वयंसेवक असो, संयोजक असो, पांढऱ्या केसांचा प्रेमळ आजोबा असो. चांगल्या कामाला आलेला माणूस चांगलाच असेल असं नाही. यात कुणाचा अपमान होत असेल तर होऊ दे. चांगली संस्था हे आपल्या आधी तीच सांगते.

मधे एकदा थोरली म्हणाली, "मला नाही यायचं." कारण काही नाही. मी भाषण सुरू केलं, आजी वाट बघत असतील, सुया... तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्या सुयांसाठी मला आवडत नाही तरी जाऊ?" मी ऑफिसात नेमकं हेच करत आले आहे, त्यामुळे उत्तर सुचेना. त्या दिवशी मी आणि धाकटा गेलो. सुया मी ओवल्या, चष्मा लावून, नऊ. ताईंनी काही म्हटलं नाही, आजींनी म्हटलं. घरी आल्यावर मी थोरलीला फक्त आकडा सांगितला. तिने "नऊच?" असं विचारलं आणि पुढच्या वेळी आली. त्यापुढच्या वेळी नाही. आता हे असंच चालतं, महिन्यातून दोनदा येते, दोनदा नाही. मी भाषण बंद केलं आहे. जवळजवळ.

---

शिक्क्याचं राहिलं.

मी वाचनालयात गेले आणि काकूंशी बोलले. भांडायला नव्हे, त्या स्वभावाने फार चांगल्या आहेत. त्यांनी तर पोराला बिझी ठेवून माझ्यावर उपकारच केले होते. त्या जरा ओशाळल्या. म्हणाल्या, "अहो, एवढ्याशा मुलाला काय देणार मी? पुस्तकं फाडेल." मी म्हटलं, फाडेल कदाचित. दोघी जरा वेळ शेल्फांकडे बघत उभ्या राहिलो. मग त्यांना आठवलं की मागच्या खोलीत लोकांनी देणगी दिलेल्या पुस्तकांची खोकी पडून आहेत. नोंद करायच्या आधी प्रत्येक पुस्तक चाळून आत काही राहिलंय का ते बघावं लागतं, आणि त्याला कुणालाच वेळ होत नाही.

धाकटा आता ते करतो. पुस्तक मांडीवर आडवं, एका हाताने पाठ धरायची, दुसऱ्याने पानं सोडत जायची, फर्रर्र. मग उलटं धरून तीनदा झटकायचं. आत्तापर्यंत त्याला प्रवासाची तिकिटं, पिंपळाची जाळी झालेली पानं, औषधाच्या चिठ्ठ्या, मोरपिसाचा तुकडा, कुणाची तरी अर्धवट सोडवलेली गणितं मिळाली आहेत. एकदा एका जाड कादंबरीतून काळा-पांढरा फोटो पडला, टोपडं घातलेलं बाळ. काकूंनी खोक्यावरच्या नावावरून फोन लावला आणि दोन दिवसांनी एक बाई येऊन फोटो घेऊन गेल्या. त्या आल्या तेव्हा धाकटा तिथं नव्हता, याचं त्याला अजून वाईट वाटतं. मला वारंवार विचारतो, ते बाळ कोण होतं. मी काकूंना विचारलं, त्यांनी विचारलंच नव्हतं. पानं फाटली का? फाटली. आठ महिन्यांत तीन. ती थोरलीने चिकटवली.

मागच्या शनिवारी एक बाई पहिल्यांदाच मदतीला आल्या होत्या, बरोबर तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी आईच्या पायाला चिकटून उभी. काकूंची नजर इकडेतिकडे फिरली, त्यांनी खण उघडला, शिक्का काढला, शाईचं पॅड काढलं आणि कागदांचा गठ्ठा मुलीपुढे ठेवायला घेतला.

धाकट्याने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. टेबलाशी गेला, टाचा उंचावून गठ्ठ्याकडे बघितलं.

"काकू, हे कागद खरे आहेत का?"

काकू माझ्याकडे बघायला लागल्या, मी खिडकीकडे. मग त्यांनी गठ्ठा उचलून परत खणात ठेवला, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "तू ये गं जरा त्याच्याबरोबर मागे."

तो तिला घेऊन गेला. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून दोन वेगवेगळ्या लयींत फर्रर्र ऐकू यायला लागलं, आणि मधेच त्याचा आवाज, "अगं उलटं धर, उलटं!"